पहिला फोटो कुणाचा

वेब डेव्हलपमेंट शिकणारा माणूस सगळ्यात आधी काय बनवतो, तर कामांची यादी ठेवणारं अ‍ॅप. दूध आणणे, गॅस नोंदवणे असं त्यात लिहायचं, समोर टिचकी मारायची, की ओळीवर काट पडते. तळेगावच्या ज्या क्लासमध्ये मी शिकत होते तिथे सगळ्यांनी ते बनवलं, मीही बनवलं. त्यानंतर मी एक कॅल्क्युलेटर बनवला, तो बरा चालायचा. मग हवामान सांगणारं एक पान बनवलं. त्यात काहीतरी गडबड झाली आणि लोणावळ्यात बारा महिने पाऊस आहे असंच ते सांगत राहिलं. जुलैमध्ये मात्र ते अगदी अचूक होतं. एवढ्या भांडवलावर मी पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत मुलाखतीला गेले.

मुलाखत घेणाऱ्या मॅडम भल्या होत्या. त्यांनी माझं हवामानाचं पान उघडलं, मोबाईलवर खरं हवामान पाहिलं आणि लॅपटॉप हळूच मिटला. "हे सगळं तू स्वतःसाठी केलंयस," त्या म्हणाल्या. "आता एखाद्या खऱ्या माणसासाठी वेबसाइट कर. ती चालू कर. मग मला लिंक पाठव आणि त्या माणसाचा नंबर दे. मी स्वतः फोन करीन. तो काय सांगतो त्यावर ठरवू." महिनाभर जागा भरत नाही, असंही म्हणाल्या.

म्हणजे माझी नोकरी आता माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाच्या तोंडात होती. ती मिळाली नाही तर दुसरी सोय तयारच होती. आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, परंदवडीजवळच्या एका कारखान्यात आहेत. तिथल्या कँटीनमध्ये कूपनं फाडायला माणूस हवा होता आणि अण्णांनी माझं नाव घालून ठेवलं होतं. "बसून काम हाय, पंखा हाय," ते म्हणायचे. पंखा होता हे खरं आहे. मी बघून आले होते.

गिऱ्हाईक शोधायला मला लांब जावं लागलं नाही, आणि तिथेच माझं नशीब फुटलं.

आमचं मूळ गाव बेडसे. लेण्यांच्या डोंगराखाली आमची जमीन आहे आणि ती चौघांची मिळून आहे. सगळ्यात थोरले आबा, मग आत्या, मग आमचे अण्णा आणि शेवटी काका. आत्या कुसगावला दिलेली, तिथे तिचं छोटंसं हॉटेल आहे. वाटणीच्या वेळी बहिणी हक्क सोडल्याची सही करून देतात तशी तिनेही करावी म्हणून कागद पुढे ठेवला होता. तिने तो वाचला, घडी घातली आणि चुलीत सारला. "सही करत न्हाई, सैंपाक करते," ती म्हणाली. तेव्हापासून चौघांनी मिळून त्या जमिनीवर पर्यटकांसाठी राहायची सोय केली. चार खोल्या, एक मोठी पडवी, मागे तंबू लावायला जागा. काका तिथेच राहून सगळं बघतात, आत्या शनिवार-रविवारी येऊन रांधते, अण्णा सुट्टीच्या दिवशी जाऊन नळ दुरुस्त करतात, आणि आबा थोरले आहेत. जागा छान आहे. पण पवना धरणाकडे जाणाऱ्या गाड्या आमच्या फाट्यावरून सरळ पुढे निघून जायच्या, कारण आत काही आहे हे कुणाला माहीतच नव्हतं.

मी जाऊन सांगितलं की मी तुम्हाला वेबसाइट करून देते, फुकट, फक्त एका मॅडमचा फोन येईल तेव्हा चांगलं बोला. चौघांनाही कल्पना एकदम पसंत पडली.

"करू की," आबा म्हणाले. "पन मोठी कर. लांबून दिसली पायजे."

त्यांना फ्लेक्स अभिप्रेत होता हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. आमच्या मावळात कुठल्याही फाट्यावर थांबा, तिथे फ्लेक्स असतो. कुणाचा वाढदिवस, कुणाची निवड, कुणाच्या बैलजोडीने शर्यतीच्या घाटात मैदान मारलेलं. सगळ्यात मोठा चेहरा ज्याचं कौतुक आहे त्याचा, त्याच्या शेजारी मानाची माणसं आणि खाली शुभेच्छुकांची बारकी बारकी तोंडं. कुणाचं तोंड कुठे आणि केवढं यावर वर्षभराची बोलचाल ठरते. एका लग्नात आमच्या भावकीतले दोन जण पाठीला पाठ लावून जेवले, कारण एकाचा चेहरा गणपतीच्या फ्लेक्सवर घडीत गेला होता. हे सगळं मला लहानपणापासून माहीत होतं. पण क्लासमध्ये असलं काही शिकवत नाहीत, आणि क्लासमध्ये जे शिकवत नाहीत ते वेबसाइटला लागत नाही, अशी माझी भाबडी समजूत होती.

मी पहिलं डिझाइन केलं ते पाहून मला माझाच अभिमान वाटला. वर लेण्यांचा डोंगर, खाली दोन ओळी मजकूर, आणि बाकी सगळी स्वच्छ मोकळी जागा. आबांनी लॅपटॉप मांडीवर घेतला आणि बराच वेळ पाहिला.

"ह्ये पांढरं का सोडलंय? रंग संपला का?"

"आबा, मोकळी जागा लागते. डोळ्याला बरं वाटतं."

"डोळ्याला बरं वाटाया डोंगार हाय की. हितं मानसं टाक."

कुठली माणसं, असं मी विचारलं, आणि चौघंही माझ्याकडे अशी बघायला लागली जणू मी परक्या घरची आहे.

मग फोटो काढायचा कार्यक्रम झाला. आबांनी फेटा बांधला आणि गॉगल लावला. अण्णांनी टाय घातला. तो कुणाचा होता हे शेवटपर्यंत कळलं नाही, आमच्या घरात तरी टाय नव्हता. काकांनी मोबाईल कानाला लावला आणि भुवया आवळून दूर पाहिलं. मी कॅमेरा धरून थांबले.

"काका, तुमचं बोलणं होऊ द्या, मग काढते."

"कुनाशी बोलतोय मी? फोटू काढ की. हात दुखाया लागला."

आत्या आधी नको नको म्हणत होती. मग आत गेली आणि पैठणी, नथ, गजरा असा सगळा साज करून बाहेर आली. तिला चुलीपाशी बसूनच फोटो हवा होता. धुराने तिच्या डोळ्यांना धार लागली आणि फोटो असा आला की पाहुणे आल्याचं तिला फार दुःख झालंय. तिला तो इतका आवडला की दुसरा काढू दिला नाही. खोल्यांचे फोटो काढायला मी निघाले तर काकांनी अडवलं. "खोल्या पाव्हना आल्यावर बघंल की," ते म्हणाले.

चौघांचेही फोटो डोक्यापासून पायापर्यंत होते. मी ते एका आकाराचे कापले आणि एका ओळीत शेजारी शेजारी लावले. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. लॅपटॉप पडवीत ठेवून तिघा भावांना दाखवलं आणि लिंक चौघांच्या मोबाईलवर पाठवली. आबांनी मान हलवली, काकांनी मिशीवरून हात फिरवला, अण्णा म्हणाले टाय शोभतो. मी स्कूटरला किक मारली आणि शिट्टी वाजवत घरी निघाले.

कामशेतला पोचते न पोचते तोच काकांचा फोन आला.

"घरी पोचलीस का?"

"नाही, वाटेत आहे."

"मग माघारी ये. माझ्या डोक्यावर तुझ्या बापाचं बूट हायेत."

मला काही समजेना. मी रस्त्याच्या कडेला थांबून माझ्याच मोबाईलवर माझीच वेबसाइट उघडली आणि समजलं. मोबाईलचा पडदा अरुंद. चार फोटो शेजारी मावत नाहीत, म्हणून ते आपोआप एकाखाली एक येतात. हे शिकायला मी क्लासमध्ये तीन संध्याकाळी खपले होते आणि मुलाखतीत त्याबद्दल ऐटीत बोललेही होते. आता आबा सगळ्यात वर उभे होते, त्यांच्या वहाणांखाली अण्णा, अण्णांच्या बुटांखाली काका आणि काकांच्या पायाशी डोळे पुसत आत्या. तेवढ्यात कुसगावहून तिचाही फोन आला.

"किती खाली बसवलंस गं मला? मला बघायचं म्हनून सरकवत सरकवत गेले, अंगठा दुखला."

मी चिडले. माझा स्वभावच तापट आहे, आमच्या घरात तो सगळ्यांना सारखा वाटला गेलाय. एवढ्या लहानशा पडद्यावर चौघं शेजारी बसवली तर मुंग्यांएवढी दिसतील, असं मी ओरडून सांगितलं. आबांचा फोन आला तेव्हा त्यांनाही ओरडून सांगितलं. आबा शांतपणे म्हणाले, "माझी काय तक्रार न्हाई. मला छान दिसतंय."

मग मी फोटो सरकते केले. एका वेळी एकच माणूस दिसणार, थोड्या वेळाने तो बाजूला जाणार आणि पुढचा येणार. कुणाच्या डोक्यावर कुणाचे पाय नाहीत. आता भांडण मिटलं असं मला वाटलं, यावरून मी किती नवखी होते ते कळावं. आता प्रश्न आला तो पहिला कुणाचा.

पडवीत बैठक बसली. आबा थोरले, म्हणून पहिला त्यांचा. काका म्हणाले की दिवसरात्र मी राबतो, पाहुणा आला की आधी मलाच भेटतो, मग फोटोत आधी आबा कशाला? अण्णांनी खाकरून "पोरगी कुनाची हाय?" एवढंच विचारलं. आत्या आतून पिठाचे हात घेऊन बाहेर आली.

"वयानं मी दुसरी. पन ते ऱ्हाऊ दे. पाव्हना तुमची तोंडं बघाया येतो का माझं पिठलं खायाला?"

"पिठल्याचा फोटू लावू मग," काका म्हणाले.

"पिठल्याचा नगं. माझा लाव."

इकडे महिन्यातले निम्मे दिवस संपत आले होते. मला झोपेत कूपनं दिसायला लागली होती. म्हणून मी चिठ्ठ्यांचा उपाय काढला. बैलगाड्यांच्या शर्यतीत गाड्यांचे नंबर चिठ्ठ्या टाकून काढतात, तसं आता वेबसाइट दर वेळी स्वतःच चिठ्ठी टाकेल, आणि जो निघेल तो पहिला, असं मी समजावलं. चिठ्ठी म्हटल्यावर सगळ्यांनी मान्य केलं.

त्यानंतरच्या चार-पाच दिवसांत आमच्या वेबसाइटवर तुफान गर्दी झाली. कोण किती वेळा पान उघडतं हे मला दिसत होतं. आकडा बघून मी नाचायची बाकी होते. नंतर नीट पाहिलं तर ती सगळी गर्दी चार मोबाईलची होती. काका कामशेतला टायरच्या दुकानात बसून पान पुन्हा पुन्हा उघडायचे, आणि स्वतः आले की मोबाईल सगळ्यांपुढे धरायचे: "बघा, पहिला कोन हाय." अण्णा सकाळी चहा पिता पिता उघडायचे आणि आईला सांगायचे, "अजून न्हाई आलो." चहा गार व्हायचा. आबांच्या मोबाईलवर लागोपाठ कितीतरी वेळा काकाच निघाले. त्यांनी मला बोलावून घेतलं.

"ह्ये मशीन त्याला फितूर झालंय."

"आबा, चिठ्ठीत असं होतं कधीकधी."

"चिठ्ठीत व्हतं, पन त्यात मानूस बेमानी करतो म्हनून व्हतं. ह्याच्यात कोन बसलंय?"

बसले होते मीच, म्हणजे संशय सरळ माझ्यावर. आत्याने तर फोन करून विचारलं की तुझ्या बारशाला कुंची कुणी शिवली होती, आठवतं का.

माझं डोकं फिरलं ते त्या दिवशी. आणि डोकं फिरलं की मला सुचतं. मी चौघांसाठी चार लिंक केल्या. पान एकच, पण प्रत्येक लिंकच्या शेवटी एक बारीकशी खूण. आबांच्या लिंकवरून गेलात तर आधी आबा, मग बाकीचे. काकांच्या लिंकवरून गेलात तर आधी काका. खूण इतकी बारीक की माहीत नसलेल्याला दिसणारच नाही. प्रत्येकाला मी वेगवेगळा फोन केला आणि आवाज खाली आणून सांगितलं, "तुमच्यासाठी म्हणून केलंय. बाकीच्यांना बोलू नका, त्यांना उगाच वाईट वाटेल." प्रत्येकाने माझी पाठ फोनवरूनच थोपटली.

यानंतर आमच्या घरात जे झालं ते मी जन्मात पाहिलं नव्हतं. आबांनी काकांना स्वतःहून विचारलं, तुझा पाय कसा हाय आता. काकांनी अण्णांना लिंबं पाठवली. अण्णांनी आत्याच्या हॉटेलातला पंखा दुरुस्त करून दिला आणि वर तिथेच जेवून तिच्या आमटीचं कौतुक केलं. आत्याने तिघा भावांना बेसनाचे लाडू केले. प्रत्येक जण जिंकला होता, आणि प्रत्येकाला हरलेल्या तिघांची कणव आली होती. "बिचारे," काका मला म्हणाले, "मन मोठं केलं त्यांनी." मला हसूही येत होतं आणि खरं सांगायचं तर फार बरंही वाटत होतं. सगळ्यांचं एकमेकांशी इतकं गोड बोलणं मी वाटणीचा विषय निघायच्या आधीही ऐकलं नव्हतं.

महिना संपायला आला. मी मॅडमना लिंक आणि आबांचा नंबर पाठवणार, तेवढ्यात आबांनी हुकूम काढला की उद्घाटन झाल्याशिवाय वेबसाइट चालू झाली असं म्हणायचं नाही. मी म्हटलं, आबा, ती केव्हाची चालू आहे, तुम्हीच रोज बघता. "ती आपन घरची मानसं बघतो," ते म्हणाले. मुहूर्त शुक्रवारी सकाळचा निघाला. मी गुरुवारी मॅडमना पाठवून मोकळी झाले.

शुक्रवारी पडवीत सतरंज्या अंथरल्या होत्या आणि सगळी भावकी जमली होती. पाटावर माझा लॅपटॉप, त्याला लाल फीत बांधलेली. आत्याने त्याला हळद-कुंकू वाहिलं. त्यातलं जे कुंकू कीबोर्डच्या फटीत गेलं ते अजून तिथेच आहे. नारळ लॅपटॉपच्या पायाशी फोडावा असं आबांचं म्हणणं होतं. लॅपटॉपला पाय नसतात, हे मी जरा जास्तच मोठ्याने सांगितलं. शेवटी नारळ अंगणात फुटला. फीत कापायला चौघांनी एकाच कात्रीला हात घातला, त्यामुळे ती कापली न जाता तुटली. लॅपटॉपवर पान उघडलं. तिथे चौघंही आधीसारखीच शेजारी शेजारी होती, ते मी बदललं नव्हतं. टाळ्या पडल्या. माझा जीव भांड्यात पडला.

आणि आबा उठून उभे राहिले. "आता समद्यांनी आपापल्या मोबाईलवर बघा. लिंक आलीच असंल तुमाला."

लिंक सगळ्यांना आली होती. पण कुणाला आबांनी पाठवलेली, कुणाला काकांनी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.

"वा, आबा हायेत पहिलं," एक जण म्हणाला.

"कुटं? हितं तर काका हाय फोनवर."

"माझ्यात टायवालं."

"आत्या रडतीय ह्याच्यात, बघ."

मोबाईल या हातातून त्या हातात गेले. मग काकांनी चौघांचे मोबाईल गोळा करून खाटेवर ओळीने मांडले. चार मोबाईल, चार वेगवेगळे पहिले चेहरे. चौघं भावंडं वाकून बघत होती. मी दाराकडे सरकले, पण दारात माझ्या चपला कुणाच्या तरी चपलांखाली गेल्या होत्या.

"समद्यांना येडं केलं," काका म्हणाले.

"आमच्याच लेकीनं," अण्णा म्हणाले. यात त्यांना थोडा अभिमान वाटल्यासारखं झालं, पण तो त्यांनी आवरला.

आत्या लाडवांचा हिशोब मनात करत असावी. आबांचा चेहरा फेट्याच्या रंगाचा झाला होता. त्यांनी माझ्याकडे बोट केलं, तोंड उघडलं, आणि खाटेवरचा त्यांचाच मोबाईल वाजला.

पुण्याचा नंबर होता. मी खाली बसले. आबा फोन नेहमीच समोर धरून मोठ्या आवाजावर लावून बोलतात, त्यामुळे मॅडमचा आवाज अख्ख्या पडवीला ऐकू आला.

"नमस्कार, तुमच्या वेबसाइटबद्दल जरा विचारायचं होतं. ज्या मुलीने ती केली, तिचं काम कसं वाटलं तुम्हाला?"

"बाई, बरं झालं तुमी फोन केला," आबा म्हणाले. "मला कुनाला तरी सांगायचंच हुतं."

आणि त्यांनी सांगितलं. काही म्हणता काही ठेवलं नाही. लॅपटॉपवर एक दाखवते, मोबाईलवर दुसरंच. सांगितलं की बदलते, पण आरडाओरडा करून बदलते. पांढरी जागा सोडते. चिठ्ठ्या टाकणारं मशीन आणलं ते फितूर निघालं. आणि शेवटी तर चौघा भावंडांना चार तोंडं दाखवून आठ दिवस झुलवलं. मी गुडघ्यात डोकं घालून ऐकत होते. कँटीनचा पंखा मला स्पष्ट ऐकू यायला लागला.

"म्हणजे," मॅडम म्हणाल्या, "प्रत्येकाला स्वतःचाच फोटो आधी दिसत होता?"

"व्हय."

"आणि तुम्हाला कुणालाच कळलं नाही?"

"आजपातुर न्हाई. लय खूश हुतो आमी."

फोनमधून खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. "बरं. पण मग ती तुमचं ऐकत नाही, असं म्हणायचंय का तुम्हाला?"

"ऐकत न्हाई?" आबा चवताळले. "समद्यांचं ऐकलं! तेच तर बोंबलतोय मी!"

"शेवटचं विचारते. पुढे काही काम निघालं तर ते तुम्ही तिलाच द्याल का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी डोकं वर काढलं होतं. ते खाकरले, फेटा सारखा केला आणि म्हणाले, "बाई, पोरगी तशी..."

"आबा, तुमी लय बोललात," काकांनी फोनला हात घातला. "मी सांगतो. बाई, मी हितं दिसरात बघतो, मला जास्ती म्हाईत हाय. पोरगी लाखात..."

"बाप मी हाय का तू?" अण्णा मधे घुसले. "आधी मी सांगनार. म्याडम, लहानपनापासनं ती..."

"मी थोरला! माझं वाक्य तर संपू द्या!"

तिघं त्या एका फोनला झोंबले. माझं कौतुक आधी कुणी करायचं यावरून माझ्या डोळ्यांदेखत ओढाताण चालली होती, आणि त्यात कुणाचंच कौतुक पुरं होत नव्हतं. मला रडूच फुटलं. हसत होते आणि रडत होते, आणि भावकीतल्या बायका एकमेकींना खुणावत होत्या की हिला पाणी द्या. त्या झटापटीत कुणाचा तरी अंगठा लाल खुणेवर पडला. पडदा काळा झालेला मी पाहिला. त्या तिघांपैकी कुणीच पाहिला नाही, कारण तोवर आत्याने पदर खोचला, फोन त्यांच्या हातातून उपटून घेतला आणि ती पडवी उतरून अंगणात गेली.

माझ्या मोबाईलवर मेसेज आला. मॅडमचा होता. फोन कट झाला, सोमवारी दहाला ये, कागदपत्रं आण. मी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि सांगायला म्हणून उठले.

अंगणात आत्या पाठमोरी उभी होती. बंद फोन तिने दोन्ही हातांनी कानाशी दाबून धरला होता.

"बाई, मी तिची आत्या बोलते. आमच्या भांडनावर जाऊ नगा. पोर चिडती, पन काम टाकून जात न्हाई. माझा फोटू काय, शेवटी ऱ्हायला तरी चालंल. पोरीला तेवढी आधी घ्या." ती थांबली. पलीकडचं ऐकावं तशी बराच वेळ थांबली. "व्हय," ती म्हणाली. "व्हय बाई. सांगते."

मग ती वळली, नथ सावरली आणि पायरी चढून आली. तिघं भाऊ तिच्या तोंडाकडे बघत उभे होते.

"घेते म्हनाल्या," आत्याने जाहीर केलं. "पहिलं मलाच सांगितलं."

मी मोबाईल मागे लपवला आणि तिच्या पाया पडले.